लाल दोऱ्याचं सोयाबीन

माझ्या आत्याच्या यजमानांइतका शहाणा माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. इतका वेडा दुसरा नाही, असं उरलेल्या जिल्ह्याचं. वळसंगची ती काळीभोर जमीन, जरा मन लावून शाळू पेरला तर घर भरून टाकील अशी. तिच्यात हे गृहस्थ सोयाबीन लावत. कुठल्याशा प्रदर्शनात मूठभर बी मिळालं आणि माणूस कामातून गेला. अवर्षणात तगेल, तांबेरा रोगाला दाद देणार नाही आणि गिरणीकामगारांच्या पोरांना दूध पुरवील, असं वाण त्यांना काढायचं होतं. ते दूध मी एकदा प्यालो. पेला तोंडाशी नेताच ओल्या भिंतीचा वास आला. "कसं आहे?" त्यांनी विचारलं. "पौष्टिक," मी म्हणालो. त्यावर त्यांनी मोठ्या आनंदाने दुसरा पेला भरला.

सोयाबीनचं फूल तांदळाच्या कणीएवढं. एका झाडाचा पराग दुसऱ्याला लावायला ते आत्याची भरतकामाची सुई घेऊन सरीत तासन्‌तास पालथे पडत. माणसाला उन्हाची भोवळ आली असं वाटून वाटसरू दोनदा पाणी घेऊन धावले होते. दोन्ही वेळा "सावली पाडू नका!" म्हणून ते त्यांच्यावरच खेकसले. अशी आठ वर्षं गेली. पीक म्हणावं तर आत्याच्या टोपलीचा तळ झाकेना.

नवव्या वर्षी तांबेऱ्याने सगळं रान करपलं. एकच झाड हिरवंगार राहिलं. यजमानांनी त्याला लाल दोरा बांधला, सगळ्यांना बजावलं, "या झाडाला कुणी हात लावायचा नाही," आणि शेतकी खात्याच्या मोठ्या साहेबांना ते दाखवायला आणावं म्हणून ते पुण्याला गेले. दोन दिवसांचं काम साहेबांच्या फिरतीमुळे बारा दिवसांवर गेलं. रानावर लक्ष ठेवायला मी होतो, म्हणजे बांधावर कादंबरी वाचत होतो. कामाच्या बायकांनी करपलेलं सगळं उपटलं आणि ते झाड तेवढं सोडलं. शिवाय त्याच्या बुडाशी हळदकुंकू वाहिलं.

"हे नाही काढायचं?" मी गंमत म्हणून विचारलं.

"नवसाचं हाय की त्ये! मालकांनी दोरा बांधलाय, दिसंना व्हय?" म्हातारी मुकादमीण म्हणाली.

मला हसू आलं. दोरा नवसाचा नाही, बियाण्यासाठी आहे, हे समजावून सांगायचा कंटाळा आला. शेंगा वाळल्या, उन्हाने तडकल्या, टरफलं वाऱ्याने उडाली, दाणे जमिनीच्या भेगांत गेले, उरलेले होल्या-पारव्यांनी टिपले.

यजमान आले ते एकटेच. साहेब आले नव्हते. यजमान झाडापाशी गुडघ्यांवर बसले आणि काडीने एकेक भेग उकरू लागले. तीन दाणे निघाले, तिन्ही किडके. आता मला शिव्या बसणार, म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो.

"तुझं काही चुकलं नाही रे," ते म्हणाले. "हात लावू नका, असं मीच सांगितलं होतं." मग खिशातून वही काढून त्यांनी हळूच विचारलं, "शेंगा किती होत्या? तू तर रोज पाहत होतास."

मी त्या झाडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"शंभराच्या वर होत्या," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथे उभं राहवेना. "शंभराच्या वर!" असं पुटपुटत त्यांनी तो आकडा सुवाच्य अक्षरात लिहून घेतला, आणि खाली माझं नाव घातलं.