कोटाखालची पँट

साऱ्या रत्नागिरीत कोटाखाली कोणती पँट घालावी हे कळणारा एकच माणूस होता, आणि तो दिवसभर लुंगी नेसून पडवीत बसलेला असे. ते आमचे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परदेशी बोटींवर जेवण वाढण्यात काढली होती. संध्याकाळच्या जेवणाला कोणता उतारू काय घालून येतो हे बघता बघता जे ज्ञान झालं, ते निवृत्तीनंतर आळीच्या अंगावर चढवायचं असं त्यांनी ठरवलेलं. ऐंशीनंतरचे ते दिवस, जो तो सफारी शिवत होता. काका सफारीला गादीची खोळ म्हणत. "वरखाली एकच कापड म्हणजे भातावर भात वाढून घेणं. पँट म्हणजे भात रे मेल्या, कोट म्हणजे आमटी." चौकड्यांच्या कोटाखाली पँट साधीच हवी, कारण कालवण झणझणीत असलं की भात फडफडीत पांढराच लागतो, हेही त्यांचंच.

मी बार्शीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि पोटामागं फिरत इथल्या बर्फाच्या कारखान्यात लागलो. इथलं बोलणं कळेना, मासे गळ्याखाली उतरेनात, आणि कोणी मोठ्यानं हाक मारली तरी आपलंच काही चुकलं असं वाटायचं. खोली मागायला गेलो तेव्हा काकांनी गाव विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. मला पाठमोरा उभा केला आणि म्हणाले, "खांदे बरे आहेत. राहा." कोटाचं बाकी सगळं शिंपी सावरून घेतो, खांदे तेवढे आईबापांनी द्यावे लागतात, असं त्यांचं मत. माझ्या आईबापांनी दिलेलं काहीतरी कोणाला पसंत पडलं, याचंच मला किती दिवस अप्रूप होतं.

त्यांच्या कपाटात चार कोट होते. कोकणातल्या दमट हवेत लोकरीला बुरशी धरते, म्हणून पावसाळाभर ते कपाटापाशी कोळशाची शेगडी ठेवून कोटांना ऊब देत. "मला बाळंतपणात एवढा शेक मिळाला नाही," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. कोटांतला मानाचा कोट गडद निळा, पितळी बटणांचा, बटणांवर नांगर कोरलेले. मुलगी बघायला जायचं असो, साखरपुडा असो की कोणाचा निरोपसमारंभ, आळीतला पुरुष तो कोट मागायला येई. कुठं चाललास, हे काका विचारत नसत. खाली काय घालणार, एवढंच विचारत. एकदा एक बँकेतले गृहस्थ तपकिरी कोटाखाली तपकिरीच पँट घालून निघाले, तर काकांनी त्यांना फाटकातून परत पाठवलं. "साहेब, तुमची ढेकळं झालीत. नुसती ढेकळं. जा, बिस्किटी घालून या." साहेब मुकाट्यानं गेले आणि बिस्किटी घालून आले. मे महिन्यात कोणी उकाड्याची तक्रार केली तर म्हणत, "घाम हा आतला प्रश्न आहे. लोकांना बाहेरचं दिसतं." त्यांचा आणखी एक नियम असा, की कोटाखालच्या शर्टाची कॉलर आणि छाती तेवढी इस्त्री करायची आणि चढवलेला कोट घरी आल्याशिवाय उतरवायचा नाही. स्वतः मात्र त्यांनी कोट घातलेला मी पाहिला नव्हता. विचारलं तर म्हणत, "वाढणाऱ्यानं पंगतीत बसू नये."

मग पालीचं एक स्थळ माझ्यासाठी काकांनीच काढलं. मला दरदरून घाम फुटला. माझ्या बाजूनं बोलायला घरचं कोणी नव्हतं, आणि आठवी नापास जावई कोणाला हवा असतो? काकांनी मला निळा कोट चढवला, खाली राखाडी पँट दिली आणि खांद्यावरची सुरकुती दोन्ही हातांनी ओढून सरळ केली. "तिथं 'व्हय' म्हणू नकोस. 'होय' म्हण."

काका बरोबर आलेच. पण मुलीचे वडील मला बघेनातच. त्यांची नजर माझ्या बटणांवर. पोह्यांची बशी हातात देऊन ते म्हणाले, "हा कोट शिमग्याच्या आधी आमच्याकडे येऊन गेलाय."

मी बशी तशीच खाली ठेवली.

"दुसरा मुलगा होता. कोट मात्र नांगराच्या बटणांचा, हाच. पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले, अजून कळवताहेत."

सगळं संपलं असं मी धरून चाललो. काकांनी मात्र घसा साफ केला. "कोट माझाच. खाली पँट कसली होती?"

"पँट कोण बघतंय हो?"

तेवढ्यात दारामागून मुलीचा आवाज आला. "निळीच होती. वरखाली निळी."

"बघा," काका म्हणाले. "त्या मेल्याला राखाडी सांगितली होती. पँटचं ऐकलं नाही तो तुमच्या मुलीचं काय ऐकणार? वाचलात तुम्ही. हा ऐकणारा आहे."

वडिलांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "ते खरं. पण याच्या मागं कोण आहे?"

"मी आहे," काका म्हणाले.

"मग कोट काढू दे. कोट आम्ही पाहिलाय, मुलगा बघू."

मी काकांकडे पाहिलं. घरी आल्याशिवाय उतरवायचा नाही, हा त्यांचाच नियम. काका हळूच म्हणाले, "काढ रे." मी काढला. बाह्या चुरगळलेल्या, पाठ घामानं चिकटलेली, इस्त्री फक्त छातीवर. दारामागं कोणीतरी खुदकन हसलं. "शिक्षण?" वडिलांनी विचारलं. "आठवी," मी म्हणालो, "पास नाही." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग आत वळून म्हणाले, "चहा आण गो." लग्नानंतर बायकोला विचारलं, माझ्यात काय पाहिलंस? म्हणाली, "त्या चुरगळल्या बाह्या. कोटाशी आमची आधीचीच ओळख होती."

पुढं काकू गेल्या आणि मुंबईच्या मुलानं काकांना बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी सकाळी ते कपाट उघडं टाकून उभे होते. अख्ख्या आळीला पँटी नेमून देणारा माणूस मला म्हणाला, "काय घालू रे? काही सुचत नाय."

"निळा कोट, काका. खाली राखाडी."

"मी घालू?"

"पंगत उठली की वाढणारा बसतोच की."

त्यांनी कोट चढवला. तो अंगावर लोंबत होता. त्यांचे खांदे कधी उतरले ते आम्हांला कोणालाच कळलं नव्हतं. मी मागं उभा राहिलो आणि खांद्यावरची सुरकुती दोन्ही हातांनी ओढून सरळ केली. हात काढला की ती परत पडे. स्टँडवरही एस.टी. लागेपर्यंत मी तिथं हात ठेवूनच उभा होतो. काकांनी विचारलं, "बसला का नीट?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी मला सुधारलं नाही.