नवागामची संगीतखुर्ची

माझ्या दिराच्या लग्नात दाजींना टोपी-टॉवेल मिळायचा राहिला, आणि तेव्हापासून माझी सख्खी बहीण मला वर्षातून एकदाच भेटते. कारण ऐकून बाहेरचा माणूस हसतो. हसू दे. पोटासाठी इथे आलो तरी आम्हां खानदेशी माणसांत पाहुणा एक वेळ उपाशी परत जाईल, पण मानाशिवाय जाणार नाही. त्या दिवशी माझा नवरा एकेका पाहुण्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल ठेवत निघाला होता, आणि नेमके दाजी हात धुवायला गेले होते. परत आले तोवर टोप्या संपलेल्या. दाजींनी चपला घातल्या ते थेट चलथाणचं आपलं घर गाठलं. तेव्हापासून ते आमच्या घरी येत नाहीत आणि अक्कालाही येऊ देत नाहीत. फोन करावा तर पलीकडे कान लावून बसलेले. मग आम्ही दोघी वांगी काय भावाने मिळाली ते बोलतो आणि फोन ठेवतो.

फक्त समाजाच्या मेळाव्याला दाजींना नाही म्हणता येत नाही. मेळावा समाजाचा, माझ्या नवऱ्याचा नव्हे. त्या दिवशी चलथाणची मंडळी टेम्पो करून नवागामला येतात आणि मला माझी अक्का दिसते.

यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी बैठकीत बॉम्ब टाकला. लोक येतात, वरणबट्टी हाणतात आणि भाषणाआधी पळतात. या वेळी आभारप्रदर्शन होईपर्यंत माणसं थांबली नाहीत, तर पुढच्या वर्षापासून मेळावा बंद. म्हणजे माझी आणि अक्काची भेटही बंद. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी खेळ घेते. माणसं थांबतील. आणि खर्च काही येणार नाही." शेवटचं वाक्य ऐकून अध्यक्षांचा चेहरा उजळला.

पहिला खेळ बायकांचा ठेवला. घरात साडीकामाच्या टिकल्या पडलेल्या होत्या, त्या नेल्या. प्रत्येकीला कापडाचा एक तुकडा, शिट्टी वाजेपर्यंत जास्तीत जास्त टिकल्या चिकटवायच्या. आता आमच्या गल्लीतल्या सगळ्याजणी घरी बसून हेच काम करतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण डोकं चाललं नाही. शिट्टी वाजली, एकीनेही मान वर केली नाही. नुसत्या टिकल्या चिकटवायच्या सोडून कुणी मोर काढत होती, कुणी कोयरी. मी ओरडले, "संपला खेळ!" तर एक मावशी म्हणाली, "आते आर्धं काम कसं सोडू?" दुसरीने तुकड्याची नीट घडी घालून पिशवीत टाकली आणि मला विचारलं, "माल कधी परत देवाना?"

मी कपाळाला हात लावला आणि पुरुषांची संगीतखुर्ची जाहीर केली. मांडवातल्या खुर्च्या गोल मांडल्या, माझ्या मुलीने मोबाइलवर लग्नातलं अहिराणी गाणं लावलं. पुरुष नाचत फिरू लागले. मला जरा बरं वाटलं. मुलीने गाणं बंद केलं.

एकही माणूस खुर्चीवर बसला नाही. सगळेच्या सगळे वळले आणि शांतपणे मांडवाबाहेर चालू लागले.

हे सगळे लूमवरचे, कारखान्यात मागावर कापड विणणारे. कुणी बमरोलीला, कुणी पांडेसऱ्याला. उभं आयुष्य खडखडाटात गेलेलं. सगळा आवाज एकदम थांबला म्हणजे लाईट गेली, आणि लाईट गेली म्हणजे चहा. हल्ली लाईट फारशी जात नाही, पण पाय विसरलेले नाहीत. माझा नवरा सगळ्यांत पुढे होता. मी मागून ओरडले, "अहो, कुठे निघालात?" त्याने वळून पाहिलं, स्वतःच गोंधळला, आणि म्हणाला, "चहा पिऊन येतो."

अध्यक्ष घामाघूम झाले. इथल्या शाळेत हिंदी बोलून वाढलेली माझी मुलगी मला म्हणते, "मम्मी, ये लोग जा क्यूं रहे हैं?" मी तिला म्हटलं, गाणं लाव. गाणं वाजलं आणि सगळे हातातले पेले तिथेच ठेवून परत! लाईट आली ना. पुन्हा गाणं बंद, पुन्हा सगळे टपरीवर. त्या दिवशी एकही पुरुष बाद झाला नाही. पण घरीही कुणी गेलं नाही, कारण गाणं वाजलं की यावंच लागत होतं.

दाजी मात्र एका खांबाला टेकून उभे होते. आमच्याकडचं कुणी 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हा त्यांचा बाणा. आणि त्यांना बसा म्हणायची कुणाची छाती होत नव्हती.

शेवटी बायकांची संगीतखुर्ची झाली, तिच्यात अक्काबरोबर मीही उतरले. बायकांना लाईटचं काही नाही, त्या धडाधड बसत गेल्या, भांडल्या, एकमेकींच्या मांडीवरही बसल्या. उरलो मी आणि अक्का, आणि मध्ये एक खुर्ची. गाणं थांबलं.

अक्का म्हणाली, "तू बठ."

मी म्हणाले, "तूच बठ."

बसलं की खेळ संपणार, मग आभार, मग टेम्पो. ते आम्हां दोघींना कळत होतं. मुलीने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाणं लावलं. आम्ही पुन्हा फिरू लागलो. अक्काचे गुडघे दुखत होते, तरी फिरत होती. पुन्हा गाणं थांबलं, पुन्हा कुणी बसलं नाही. लोक "बठा, बठा" म्हणून ओरडायला लागले. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजायला लागला.

दाजींचा पारा चढला. "यासना खेळ मीच संपाडस!" म्हणत ते तरातरा आले आणि त्या खुर्चीवर धपकन बसले.

 मग टाळ्या पडल्या. जो बसला तो जिंकला, नियम म्हणजे नियम. बक्षिसाचा स्टीलचा डबा मी घरून बायकांसाठी आणलेला, तो दाजींना कसा द्यायचा? अध्यक्षांनी सत्काराच्या सामानातून उरलेलं काढलं आणि जवळ माझा नवरा उभा होता त्याच्या हातात दिलं. एक टोपी, एक टॉवेल.

 नवऱ्याने दाजींच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाकून पाया पडला.  दाजींनी टोपी नीट केली आणि तसेच बसून राहिले. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. अक्काने माझा हात धरला होता.

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. दाजींनी मान वळवली आणि मोठ्याने ओरडले, "थांब रे जरासा! खेळ चालू शे अजून."