मौनीकाकूंची परीक्षा

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत दिवसभर सर्वांत जास्त बोलणाऱ्या बाईंचं नाव मौनीकाकू. नाव आम्हीच ठेवलेलं. कारण या बाई फक्त डॉक्टरसमोर गप्प बसत. "काय होतंय?" असं विचारलं की छताकडे बघत.

त्याला कारण होतं. तरुणपणी सल्फाच्या एका गोळीने त्यांच्या जिवावर बेतलं होतं. आता काका गेलेले, मुलगी डेन्मार्कला, मुलगा अमेरिकेत. "उद्या माझी शुद्ध गेली तर ह्यां सांगतलो कोण?" असं त्या म्हणत. म्हणून आपण न बोलता डॉक्टरला काय कळतं, याची त्या परीक्षा घेत.

मुलांकडे गेल्या तेव्हा तिथेही घेतली. स्वतःची नोंद तिथे नव्हती, म्हणून मुलांच्या तपासणीला सोबत गेल्या आणि त्यांना गप्प बसवलं. मुलगी गाव बदलून नव्या डॉक्टरकडे गेली होती. त्याला जुन्या गावातली औषधं संगणकावर दिसली. आपली नोंद कोणी उघडून पाहिली, हेही मुलीला घरबसल्या दिसे. अमेरिकेत मुलाच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही हॉस्पिटलांत भारी संगणक. तरी मुलाला सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून भरावी लागली.

"दोन सख्खे भाव, पण बोलणां बंद," हा काकूंचा निकाल.

मला आकडे लागतात. मी दहापैकी गुण मागितले.

"अमेरिकेक पाच. डेन्मार्काक नऊ."

"एक कुठे गेला?"

"त्येंच्या चायचो कापलंय."

चहा हा निकष होत नाही, असं मी सांगितलं. शिवाय अख्ख्या डेन्मार्कपेक्षा आपल्या उपनगरांतच माणसं जास्त. तुलना सरळ नाही.

"मगे ह्या एका बायलेची नोंद तरी कर," काकू म्हणाल्या.

मी त्यांचा सरकारी आरोग्य-नोंदीचा आभा क्रमांक काढून दिला, सल्फाची नोंद असलेला जुना कागद मोबाइलवर चढवला. परवानगीचं बटण दाबल्याशिवाय डॉक्टरला काही दिसणार नाही, हेही समजावलं.

"शुद्ध गेली तर माझां बोट धरून तू दाब."

पुढे लघवीच्या संसर्गाने त्यांना सणकून ताप भरला. मी त्यांना एका नव्या हॉस्पिटलात नेलं. काकूंनी बटण स्वतःच दाबलं आणि डोळे मिटून घेतले. तरुण डॉक्टरीणबाई औषध लिहू लागल्या. मी तोंड उघडलं, तर काकूंनी मनगटाला चिमटा काढला. मी ठरवलं, चिठ्ठी हातात आली की बोलायचंच, काकू रागावल्या तरी चालेल.

बाई स्क्रीनपाशी थांबल्या. "आजी, सल्फा चालत नाही ना तुम्हाला? दुसरं देते."

काकूंनी डोळे उघडले आणि त्यांच्या गजाली, म्हणजे मालवणी गप्पा, ज्या सुरू झाल्या त्या थांबेनात. गुडघे, झोप, मनोरीला बोटीतून उतरताना मुरगळलेला पाय, जावेचं पथ्य. बाहेर रांग वाढत होती. बाई हसत ऐकत होत्या. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

आता काकू कायमच्या मुलीकडे गेल्या. आमचा जिना फारच शांत झालाय. परवा फोनवर म्हणाल्या, "मी डॅनिश शिकतंय."

"या वयात कशाला, काकू? तिथे तर तुमचं सगळं संगणकावर असेल."

"माझां दुखणां त्येका म्हायत आसा रे झिला. पण गजाली कोण मारतलो?"