कव्हरवरची ओळ

आमची पत्रकं करणारे ते जाहिरातवाले हल्ली लातुरात शिकवणी वर्गांच्या जाहिराती करतात. भूकंपानंतरच्या दिवसांत मात्र आमच्या मदतसंस्थेची देणगीसाठीची माहितीपत्रकं करायला ते नांदेडहून एसटीनं यायचे. आम्ही पानभर लिहिलेल्या मजकुरावर काट मारून म्हणायचे, "लई झालं हे. देणारा एकच ओळ वाचतो." आणि ती ओळ त्यांना सापडायचीच.

एकदा आमच्या बालवाडीच्या जुन्या फोटोंतली एक हसरी मुलगी त्यांनी कव्हरवर घेतली. खाली छापलं, 'ही तुमची वाट बघतेय.'

छापलेली पत्रकं घेऊन ते आले त्या दिवशी गावाकडची एक बाई मदतीचं विचारायला ऑफिसात आली होती. टेबलावरच्या गठ्ठ्यापाशी ती थबकली.

"ही माझी शेवंता हाय. घराखाली गेली. फोटोबी सगळे तिथंच गेले. एक द्या की, भाऊ."

त्यांनी दोन्ही हातांनी एक पत्रक तिला दिलं. तिनं ते निरखून पाहिलं.

"खाली काय लिवलंय?"



"तिचं नाव लिवलंय, माय," ते म्हणाले.

त्या ओळीवरून बोट फिरवत बाई हळूहळू वाचल्यासारखं म्हणू लागली, "शेवंता... शेवंता..."