खंडेनवमीची भट्टी

"फोडून आण तो हंडा!" बुलढाण्याच्या ऑफिसात साहेबांनी हुकूम सोडला आणि मी धामणगाव बढेची एसटी पकडली. महाराष्ट्र नवा, दारूबंदी कडक, आणि मी त्याच खात्यात सब-इन्स्पेक्टर. तक्रार होती, गणपतशेठच्या बंद भट्टीतून मोहाचा वास येतो.

शेठचं घराणं एके काळचं परवान्याचं दारूवालं. पुढं दुकान, मागं राहतं घर, परसात भट्टी. धंदा कधीचा बुडाला, पण सगळं जागच्या जागी. भुई सारवलेली, चुलीवरचा तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लख्ख. खरं सांगतो, जीव हरखला. इतकी टापटीप आमच्या ऑफिसातही नव्हती! हंड्याला हळदकुंकू, पुढ्यात वाटीभर मोहफुलं. वास त्यांचाच.

"शेठ, हे काय मांडलंय?"

"खंडेनवमी हाये न साहेब. शेतकरी औताले पुजते, आम्ही हंड्याले. आज्यापासून चालत आलं."

"मला फोडायचा हुकूम आहे."

म्हातारा मटकन खाली बसला. "फोडला तं पूजेत चालत नाई, साहेब. भंगलेला देव पुजते का कोणी?" त्याचे डोळे भरले. मलाही कसंतरीच झालं.

आता भट्टी म्हणजे काय? हंड्यात सडवलेला मोह उकळतो. वाफ वेळूच्या नळीतून दुसऱ्या मडक्यात जाते, तिथं गार झाली की दारू. नळी नसेल तर वाफ घरभर! मी हंड्यावरची नळी उपसली, पंचांसमोर तिचे तुकडे केले आणि तेवढेच घेऊन परतलो.

साहेब खवळले. "अरे, हंडा कुठंय?"

"नळीशिवाय नुसत्या हंड्याला भट्टी म्हणायचं, तर तुमच्या घरचा बंबही जप्त करावा लागेल, साहेब."

त्यांनी रोखून पाहिलं. मग हसू आवरेना. "जा, चहा सांग."

पुढच्या खंडेनवमीला तपासणीला गेलो, तर हंड्याला हार आणि वर हिरवीगार नवी नळी!

"शेठ, मला घरी बसवता का?"

"काऊन भेता साहेब? नळीबिगर हंडा बोडका दिसे. फुंकून तं पाहा!"

फुंकलं. गाल दुखले, वारा पलीकडे जाईना. वेळूची एकही गाठ आतून फोडलेली नव्हती. सगळं घर खो खो हसलं. शेठनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर मोहफुलं ठेवली. तो गोड, जड वास अजून नाकात आहे. फार आठवतात ती माणसं.

खात्यात नवी पोरं आली, की मी एवढंच सांगायचो: भट्टीवर गेलात, तर आधी नळी फुंका. पंचनामा नंतर.