नुसता बल्ब द्या, वहिनी

नसरापूरला आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. पुढच्या शेडमध्ये माझे धाकटे दीर, संपतभाऊजी, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात आणि काउंटरवर मी बसते. सोळा वर्षं झाली. मैत्रिणी विचारतात, तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून? अगं, येतात म्हणजे काय, गाडीत बसून येतात! भोरकडून येतात, वेल्ह्याकडून येतात, हायवेवरून येतात. रिकामे खोके तरी भंगारवाला नेतो, किस्से कोण नेणार? ते साठतच जातात. आणि गेल्या काही वर्षांत त्यातले निम्मे एकाच वस्तूचे आहेत. गाडीचा पुढचा दिवा.

पूर्वी दिवा गेला म्हणजे बल्ब गेला. गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत नवा बसलेला असायचा. आता पुष्कळ गाड्यांत बल्बच नसतो. आत बारीक बारीक एलईडी, सगळं एकात एक चिकटवलेलं. एक ठिपका विझला तरी अख्खा दिवा बदला. माणूस दोनशेची नोट हातात धरून येतो, "नुसता बल्ब द्या, वहिनी" म्हणतो. मी किंमत सांगितली की ती नोट हळूच खिशात परत जाते. मग तो नव्याने विचारतो, जणू पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नसावं. "नाही, गाडी नको. दिवा, दिवा."

* * *

वरवे बुद्रुकचे एक गुरुजी आहेत. हायस्कुलात गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने नवी, उंच गाडी घेतली आणि धुऊन-पुसून दारात लावली. शेजाऱ्याच्या बोकडाला त्या चकचकीत दिव्यात दुसरा बोकड दिसला. तो चार पावलं मागे सरला, मान खाली घातली आणि दिली धडक. समोरचा हटेना. पुन्हा दिली. तिसऱ्या धडकेला दिव्याची काच गेली.

गुरुजी गाडी घेऊन आले. मागून शेजारी टेम्पोतून आला, सोबत बोकड. सरळ माणूस, नुकसान भरून द्यायचं म्हणून आला होता. संपतभाऊजींनी दिव्याची किंमत सांगितली, अठ्ठेचाळीस हजार.  शेजाऱ्याने बोकडाचं दावं गुरुजींच्या हातात दिलं.

"गुरुजी, बोकड तुमचा. ह्याच्या म्होरं माझी ऐपत न्हाई."

गुरुजींनी बोकड पुढून पाहिला, मागून पाहिला. ओठ हलत होते, तोंडी गणित चाललं होतं. म्हणाले, "असले चार झाले तर एक दिवा होतो. बाकीचे तीन कुठं आहेत?"

दिव्याचं काम शेवटी विम्यात झालं. बोकड शेजाऱ्याकडेच आहे. गुरुजी मात्र अजून गाडी लावली की दोन्ही दिव्यांवर गोधडी टाकतात.

* * *

भोरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीत खरोखरचा बल्ब होता. मला इतका आनंद झाला! दोनच मिनिटं, म्हणून मी त्यांना आत बसवलं आणि ओली भेळ मागवली. पण त्या बल्बापर्यंत हात जायचा तर आधी पुढचा बंपर उतरवायला लागतो, हे भाऊजींना पाना हातात घेतल्यावर कळलं. त्यांनी बंपर काढून रस्त्याकडेला ठेवला. जाळी काढली, दोन्ही दिवे काढून पोत्यावर मांडले. गाडीचं तोंड पार बोडकं झालं.

तेवढ्यात भोरची एसटी पुढून गेली. आतल्या कुणी तरी ओळखीच्याने ती गाडी पाहिली आणि डॉक्टरीणबाईंच्या घरी फोन लावला. इकडे बाईंचा मोबाईल गाडीतच राहिलेला. तासाभरात एक जीप येऊन थांबली. सासूबाई, दोन दीर, शेजारचे काका, थर्मास, ब्लँकेट. सासूबाई उतरल्या त्या रडतच. बाई भेळेचा कागद हातात घेऊन दुकानाबाहेर आल्या. सासूबाईंनी आधी त्यांना डोक्यापासून चाचपलं, मग गाडीकडे बोट केलं.

"आई, बल्ब गेलाय," बाई म्हणाल्या.

सासूबाई तिथल्या टायरवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग थोरल्या मुलाला म्हणाल्या, "घरी फोन कर. मी देव पाण्यात घालून आलेय. म्हणावं, बाहेर काढा त्यांना."

* * *

सारोळ्याचे एक हॉटेलवाले अण्णा. त्यांनी शक्कल लढवली आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून तोच दिवा निम्म्या किमतीत आणला. भाऊजींनी बसवला. छान बसला, पेटेना. समोरच्या स्क्रीनवर नुसतं पिवळं चिन्ह. भाऊजींनी पुण्यातल्या एका जाणकाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो म्हणाला, दिव्यात काही बिघाड नाही, पण गाडी या दिव्याला ओळखत नाही. कॉम्प्युटर जोडून दोघांची ओळख करून द्यावी लागेल.

अण्णा फोनवर वाकले. "वळख म्या करून देतो की. गाडी माझी, दिवा माझा. मधी तुमी कोण?"

शेवटी गेले बिचारे पुण्याला. दिवसभर थांबले. परत जाताना दुकानापुढे गाडी हळू केली. भाऊजींनी विचारलं, झाली का ओळख?

"झाली. माझ्या साखरपुड्यात बी एवढा खर्च नव्हता."

* * *

वेल्ह्याकडच्या पावसात दिव्यात पाणी शिरतं. तिकडच्या एका अंगणवाडीताईंच्या दिव्यात इतकं साठलं होतं की आत मासा सोडला तर जगला असता. नवा दिवा परवडेना. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी भाऊजींकडून दिवा काढून घेतला आणि घरच्या इंद्रायणी तांदळाच्या पिंपात पुरला. आठ दिवसांनी आल्या. दिवा कोरडा ठणठणीत! भाऊजींनी बसवून दिला.

चार दिवसांनी त्यांचा फोन. दिवा उत्तम चाललाय, पण मागच्या भोकातून मूठभर दाणे आत गेलेत, ते काढता येतील का? मी म्हटलं, राहू देत, काय बिघडतंय?

"तसं न्हाई वहिनी. रोज संध्याकाळी गेटपाशी गाडी वळवली की भिंतीवर तांदूळ उडताना दिसतात. सासूबाई म्हणतात, अक्षता टाकती का काय आमच्यावर?"

* * *

पासलीचे लक्ष्मणमामा भातशेती सांभाळून स्वतःची सात माणसांची गाडी चालवायचे. पासलीहून वेल्ह्याला पहाटे दूध आणि माणसं न्यायची, दिवस मावळता परत आणायची. शेजारच्या सीटवर कायम हौसामामी. आम्हाला वाटायचं, काय जोडी आहे! बाजार असो, काम असो-नसो, मामी सोबत.

मामांची तक्रार एकच, दिवे मंद आहेत. भाऊजींनी पिवळी पडलेली काच घासून दिली. मामा म्हणाले, फरक न्हाई. वायरिंग बदललं. फरक नाही. बॅटरी तपासली, चांगली निघाली. शेवटी त्या वर्षीचा तांदूळ विकल्यावर मामांनी दोन्ही दिवे नवे घेतले. मोठा खर्च होता, माझाच जीव खालीवर होत होता. दिवे बसले. शेड नुसती उजळून निघाली. मामा आठवड्याने पुन्हा हजर. "संपत, त्येच हाय रं. कायतरी चुकतंय तुझं."

भाऊजींना ते लागलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते म्हणाले, मामा, दिवस मावळू दे, मी येतो तुमच्यासंगं, चालवून दाखवा. वेल्ह्याच्या रस्त्याला लागले. मामा गाडी चालवतात, मामी शेजारी, भाऊजी मागे. दिवे लख्ख. भाऊजी पुढे वाकून सांगणार, एवढा उजेड आहे की मामा, तेवढ्यात मामी बोलायला लागल्या. हळू आवाजात, दळण दळताना बोलावं तशा.

"आता डावीकडं. आजून. बास. म्होरं म्हशी हायत दोन, थांबा. गेल्या. आता सरळ. पूल आला."

आणि मामा तसतशी गाडी वळवत होते.

 भाऊजींनी गाडी बाजूला घ्यायला लावली, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि मग विचारलं, "मामी, हे कधीपासनं?"

"दोन दिवाळ्या झाल्या," मामी म्हणाल्या. "ह्यांनी गाडी सोडली तर गावचं दूध कोण नेणार? म्या शेजारी हाय म्हणून चाललंय."

मामा स्टिअरिंगकडे बघत बसले होते. म्हणाले, "मला वाटलं, दिवंच गेल्यात."

भाऊजींनी स्वतः गाडी चालवत दोघांना पासलीला सोडलं. पुढच्याच आठवड्यात ते मामांना पुण्याला घेऊन गेले. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकून घट्ट झालेला. दोन ऑपरेशनं झाली, मधे महिनाभराचं अंतर. तेवढे दिवस मामांच्या पुतण्याने गाडी चालवली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मामा पहिल्यांदा स्वतः गाडी घेऊन नसरापूरला आले. काळा चष्मा, खांद्यावर नवा टॉवेल. शेडच्या दारात उभं राहून त्यांनी आमच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचून दाखवली, फोन नंबरसकट. भाऊजींचे डोळे भरून आले. मी पेढे मागवले.

मामी गाडीतच बसल्या होत्या. मी पेढा द्यायला खिडकीशी गेले आणि म्हटलं, मामी, सुटलात की आता. आता घरी आराम करायचा.

"कसला आराम," मामी म्हणाल्या. "दिसतंय त्यांना समदं. पर म्या बोलायची थांबले, की गाडी थांबवत्यात."