चहा घेशीलच

"चहा घेशीलच," असं म्हणत त्या किटलीचं बटण दाबायच्या आणि मगच तुम्ही कशासाठी आलात ते विचारायच्या. 'घेणार का' हा प्रश्न आठ वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

लंडनच्या एजवेअर भागात त्या आमच्या शेजारी राहायच्या. सत्तरी उलटलेल्या, आयरिश, एकट्या. घरात आम्ही त्यांना बाई म्हणायचो. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून नुकतीच आले होते, तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?" मी म्हटलं, पुणे. "ते झालं शहर. त्याच्या आधीचं?" मग वाई सांगितलं. सासरच्या एखाद्या आत्याबाईंसमोर उभी आहे असं वाटलं, आणि परक्या देशात त्याचं फार बरं वाटलं.

दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये त्या आयरिश म्हाताऱ्यांना जेवू घालायच्या. तरुणपणी इथले रस्ते आणि बोगदे खणायला आलेली ही माणसं. बरीचशी बिनलग्नाची, एकेका खोलीत राहणारी. बाई त्यांचे फॉर्म भरायच्या, त्यांना डॉक्टरकडे न्यायच्या आणि जेवणानंतर गावाकडची गाणी म्हणायला लावायच्या. स्वतः बेसूर गायच्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं. फेब्रुवारी लागला की त्यांच्याकडच्या सणासाठी सगळ्यांना, मलाही, लव्हाळ्याचे क्रॉस विणायला बसवायच्या. तसला एक आमच्या स्वयंपाकघरात गणपतीशेजारी आहे. मी विणलेला असल्यामुळे तो वाकडा आहे.

त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती: आपल्यातलं कुणी पोचवायला माणसं नसताना जाऊ नये. गुरुवारच्या मंडळींपैकी कुणी गेलं की त्या फोन घेऊन बसायच्या आणि चर्चमधली बाकं भरायच्या.

पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी गेले. गेलेल्या म्हाताऱ्याला मी दोनदाच भेटले होते. प्रार्थना झाली, दफन झालं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी कुणाचाही निरोप न घेता गुपचूप घरी आले. आंघोळ केली, मगच पाणी प्यायले.

संध्याकाळी बाई दारात. हातात झाकलेली सँडविचची थाळी.

"तू चहा न घेता गेलीस."

आवाज दुखावलेला होता. मी ओशाळून आमची रीत सांगितली: येते म्हणायचं नाही, तिथं खायचं-प्यायचं नाही, सरळ घरी जाऊन आंघोळ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फादर प्रार्थना म्हणतो, तेवढ्यानं माणूस पोचत नाही, पोरी. तो कसा होता ते चहाच्या वेळी बोलतात. सगळे निघून गेले तर बोलणार कोण?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "असं कर. आंघोळ कर, पण चहानंतर."

तेव्हापासून मी तसंच करत आले.

पुढं गुरुवारची टेबलं कमी होत गेली. एकदा कप पुसताना त्या म्हणाल्या, "सगळ्यांना मी पोचवतेय खरी. माझ्या वेळी चहा कोण करणार?" म्हणाल्या हसतच, पण कोरडा झालेला कप पुसतच राहिल्या.

"मी करेन," मी म्हटलं. "पण आलं घालून."

"आलं?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "चालेल. माणसं थांबली म्हणजे झालं."

त्या गेल्या तेव्हा गुरुवारचे सहाजण उरले होते. या वेळी फोन मी केले. आमच्या मराठी मंडळातल्या कितीजणांचे कौन्सिलचे फॉर्म बाईंनी भरून दिले होते. ती सगळी आली. बाकं भरली. बाईंच्या गावाचं नाव मी फादरना कागदावर लिहून दिलं होतं, ते त्यांनी नीट वाचलं.

दफन झालं. हॉलमध्ये येऊन मी आल्याचा चहा गाळायला घेतला आणि खिडकीतून पाहते तो काय, आमचं मंडळ कोट सावरत, एकमेकांकडे न बघता, गुपचूप फाटकाकडे निघालेलं. सगळ्यांत पुढे माझा नवरा.

गाळणी तशीच टाकून मी धावले.

"कुठे निघालास?"

"अगं, घरी. आंघोळ नको का करायला?"

"ती चहानंतर," मी म्हटलं आणि बाकीच्यांकडे वळले. "चहा घ्यालच."

सगळे मुकाट्यानं मागे फिरले. मी प्रत्येकाच्या हातात कप दिला. मग मंडळातल्या एक काकू शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याला म्हणाल्या, "मला त्यांनी पहिल्या भेटीत गाव विचारलं होतं."

"मलाही," तो म्हणाला. "तुमचं कोणतं?"

मी दुसरं आधण ठेवलं.